लंगडा कुत्रा

वखारीत करवतीवर काम करायचा म्हणून सगळे त्याला करवत्या म्हणत. उजव्या हाताची दोन बोटं करवतीनं नेली होती. उरलेल्या तिनांत पेन धरून तो लिहायचा. वखारीच्या भिंतीवर कामगारांचं हस्तलिखित लागे. त्यात त्यानं एक गोष्ट लिहिली: पिसाळलेला कुत्रा आणि त्याला फळ्यांनी ठेचून मारणारी माणसं. त्याचा स्वतःचा कुत्रा तसाच गेला होता.

गोष्ट लागली त्याच आठवड्यात मुकादमानं एका हमालाच्या कानशिलात अशी लगावली, की त्याचा कान कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाच जणांनी मुकादमाला ओंडक्यांमागे ओढलं. "कुत्रा पिसाळलाय," म्हणत फळ्या चालवल्या. करवत्या पोचला तेव्हा भुशात रक्ताचा चिखल झाला होता. तो मध्ये पडला, तर एक फळी त्याच्याच खांद्यावर बसली. हाड कडकन मोडलं.

"अरे, मी माझ्या कुत्र्यावर लिहिलं होतं."

पाचांतला एक त्याचा सख्खा मेहुणा. तो धापा टाकत म्हणाला, "तुमच्या मनात काय होतं ते तुमच्यापाशी ठेवा, दाजी. आम्हाला कागदावर हाच दिसला."

मुकादमाचा एक डोळा गेला. मोडक्या खांद्याचा हात गळ्यात बांधून करवत्या त्याला दवाखान्यात भेटायला गेला.

"तुमच्यावर नव्हतं लिहिलं मी."

मुकादमाचा जबडा तारांनी बांधलेला होता. शब्द दातांतून गाळल्यासारखे येत होते. "तुझी गोष्ट चारदा वाचली. तुझा कुत्रा डाव्या पायानं लंगडायचा?"

करवत्याचा कुत्रा चारही पायांनी धड होता. लंगडायचा तो मुकादम. गोष्टीतल्या कुत्र्याच्या लंगडण्याचं ते वाक्य कधी लिहिलं, त्याला आठवेना. आठवलं एवढंच, की फळ्यांचे घाव लिहिताना हात थांबत नव्हता, आणि बरं वाटत होतं.

"नाही," तो म्हणाला. "पण मला माहीत नव्हतं."

"मला होतं," म्हणून मुकादमानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

फौजदारानं जबाब घेताना विचारलं, "गोष्टीतला कुत्रा कोण?"

"लिहायला बसलो तेव्हा माझा होता. लिहून झालं तेव्हा मुकादम," करवत्या म्हणाला, आणि मारणाऱ्या पाचांची नावंही त्यानं सांगितली.

पाचही आत गेले. "भाऊ तुरुंगात आणि सांगणारा माझ्या घरात," एवढंच बोलून बायको माहेरी निघून गेली. सहा महिन्यांनी परतली, पण त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. खांदा वाकडाच जुळला. करवत सुटली ती सुटलीच.