यादी कुठे ठेवावी

१२ जानेवारी २०२४, सकाळी सव्वासात. सुनेने चहाचा कप बाजूला सारला आणि माझा प्रोग्रॅम क्लाउडवर हलवायला घेतला.

नवघरमधील आमच्या सोसायटीत पाणी ठरल्या वेळी येत नाही. वॉचमनने व्हॉल्व्ह उघडून फोनवर खूण केली की सर्व घरांना निरोप जावा, असा प्रोग्रॅम मी निवृत्तीनंतर लिहिला. तो माझ्या खोलीतील संगणकावर चाले. वीज गेली की पुन्हा सुरू करायला मीच लागे. त्यामुळे पाच वर्षांत एक रात्रही मी बाहेर राहिलो नव्हतो. पत्नीची थोरली बहीण अलिबागला अंथरुणाला खिळली होती.

"तुम्ही तो डबा सांभाळा," पत्नी आदल्या दिवशी संगणकाकडे बोट दाखवून म्हणाली होती. "मी रविवारी जातेय. एकटी."

सून ॲप बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिने थोडक्यात सांगितले: मशीन दूर कुठल्याशा इमारतीत असतात, आपण हवे तेवढे भाड्याने घ्यायचे, वीज आणि दुरुस्ती त्यांच्याकडे. सभासदांची यादी मी सवयीने त्या मशीनवरच ठेवली. तिने ते पाहिले आणि तसेच राहू दिले. दुपारी तिने ते मशीन काढून टाकले व दुसरे सुरू केले. यादी गेली.

"बाबा, तिकडे मशीन कधीही बदलतं. कॉपी आहे माझ्याकडे, घाबरू नका."

"मी घाबरलेलो नाही."

"मग चष्मा कशाला पुसताय सारखा?"

आमच्या घराण्याची मिठागरे होती. पावसात वाफे वाहून जात. दरवर्षी माती तुडवून नवे करावे लागत. वडील वाफ्यात मीठ राहू देत नसत. रास बांधावर, उंचावर, गवताने शाकारलेली. हे लहानपणी पाहूनही चाळीस वर्षांच्या संगणकाच्या कामात मला ते कधी आठवले नाही. सुनेने मिठागर पाहिलेले नाही. तरी मला चुकू देऊन तिने नेमके तेच शिकवले. असा शिक्षक मला नोकरीत लाभला नाही.

यादी मशीनबाहेर, वेगळ्या साठवणीत गेली. चार वाजता मी घरचा संगणक बंद केला, तिने मशीन पुन्हा बदलले. पाच वाजता स्वयंपाकघरात पत्नीचा फोन वाजला.

"आलं पाणी," ती म्हणाली. "डबा बंद आहे ना?"

"आहे."

"मग मी एकटी कशाला जाऊ?"

मी संगणकाची वायर गुंडाळली, तो माळ्यावर चढवला आणि तिथली बॅग खाली काढून पुसली.