हॅम्बुर्गचं मत, नाट्याची पालखी

बाबा होडीसकट बुडाले तेव्हा दादा नववीत होता. त्याने शाळा सोडली, आधी मच्छीमारी बोटीवर आणि मग मोठ्या जहाजावर लागला. घरात दोन्ही वेळा पेज असायची, भात सणाला. पुढे त्याच्या पगारावर मी रत्नागिरीत कॉलेज केलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी मान वर करून सांगते.

२००४च्या जूनमध्ये त्याला भेटायला निघाले. तो हॅम्बुर्गच्या गोदीत फिटर, वहिनी मारिया पोर्तुगालची. आमच्या नाटे गावाहून निघताना आईने सुकट (वाळवलेली कोळंबी) बांधून दिली आणि म्हणाली, "त्याला इचार, कायमचा कधी येनार? शिमग्याला देवाची पालखी दारात येते, नि आपल्या घरचा खांदा नाय."

हॅम्बुर्गच्या विमानतळावर तपासणीच्या साहेबाने बॅग उघडली आणि सुकटीच्या वासाने लगेच बंद केली. बाहेर आल्यावर हे ऐकून दादा पोट धरून हसला. पण आईचा प्रश्न काही मला विचारवेना.

रविवारी युरोपच्या संसदेसाठी मतदान होतं. केंद्र शाळेतच, आपल्यासारखं. ना कर्णे, ना रांग. वहिनी आत गेली, आम्ही दारात थांबलो.

"ही पोर्तुगालची, मग इथे मत कशी देते?" मी विचारलं.

"युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा नागरिक, राहतो तिथे नाव नोंदवून या संसदेला मत देऊ शकतो. लोकसंख्या बघून प्रत्येक देशाला जागा. इथे माणसाला नाही, पक्षाच्या यादीला फुली मारायची. मतांच्या हिशोबात जागा मिळतात. आणि निवडून गेल्यावर बसतात ते देशाप्रमाणे नाही, विचाराप्रमाणे."

"आणि तू?"

"मी दारात, गो. वॉचमन."

वहिनी बाहेर आली. मी तिचं बोट धरून बघितलं. शाई नव्हती! तिला कळेना. मी माझं नख दाखवलं. एप्रिलमधल्या मतदानाचा डाग नखाबरोबर वर सरकला होता.

दादाने माझं बोट हातात घेतलं. "नाट्याच्या शाळेतली?"

"हो. यादीत तुझं नाव अजून आहे. केंद्रावर पक्षाच्या एजंटाने विचारलं, मी म्हटलं, बाहेरगावी गेलाय."

तो बराच वेळ त्या डागावरून अंगठा फिरवत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "मी इथलं नागरिकत्व घेतोय. आपला पासपोर्ट परत द्यावा लागेल. आईला तूच सांग."

त्याला परत चल म्हणायला माझी जीभ उचलली नाही. माझं शिक्षण त्याच्या परदेशातल्या कमाईवरच झालेलं.

नाट्याला पोचले तेव्हा आई पडवीत जाळं शिवत होती. मी सगळं सांगितलं. तिने सुई थांबवली.

"मंग हितल्या यादीतनं नाव जानार?"

"हो, आई."

"आनि पालखीचा खांदा?"

"तो हक्क कोण काढून घेतंय? आला की देईल."

"आला की," आई म्हणाली, आणि पुन्हा शिवायला लागली.

दर शिमग्याला आमच्या दारात चुलतभाऊ खांदा देतो. २००९च्या जूनमध्ये, तिथला नागरिक झालेल्या दादाने हॅम्बुर्गच्या त्याच शाळेत आत जाऊन मत दिलं. युरोपच्या संसदेला मत देणारा आमच्या घराण्यात जन्मलेला तो पहिला माणूस.