मायक्रॉनच्या टाचेतला बर

बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस आमच्या गल्लीत एकच. कारखाना त्याला मायक्रॉन म्हणतो, कारण मिलिमीटरचा हजारावा भाग त्याला नखाने कळतो. खरं तर कळत नसावा. पण मापयंत्राने अजून त्याला खोटं पाडलेलं नाही. त्याचा एक नेम होता: पाळीत बसायचं नाही. "बसून अंडी उबवतात," असं तो खुर्चीत बसून मापं घेणाऱ्या तपासणी टेबलावरच्या मंडळींना ऐकवी. मंडळींनी हा शेरा जपून ठेवला होता.

गेल्या वर्षी त्याची डावी टाच बिघडली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखी कळ यायची. चार पावलं चाललं की कमी व्हायची, पाळी संपताना पुन्हा हजर.

"अहो, दाखवा कुणाला तरी," बायको म्हणाली.

"मशीनसुद्धा गार असताना कुरकुरतं."

दोन महिन्यांनी फोरमनने त्याला लंगडताना पाहिलं. "मास्तर, तीन महिन्यांत धड उभे राहा, नाहीतर तपासणी टेबल. खुर्ची मऊ आहे."

उभ्या जन्मात त्याचा असा अपमान झाला नव्हता. तो त्याच दिवशी दवाखान्यात गेला.

एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला चिमणीच्या चोचीसारखं टोक दिसलं. मायक्रॉनचा चेहरा उजळला. लोखंड कापल्यावर कडेला धारदार कुसळ राहतं. कारखान्यात त्याला बर म्हणतात आणि कानस मारून काढतात.

"हा तर बर! मारा कानस, दोन मिनिटांचं काम."

"काका, असं टोक न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती जुन्या ताणाची खूण. दुखतोय तो टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा. काँक्रीटवर उभं राहून राहून ओढला गेलाय. ऑपरेशन क्वचितच लागतं. बूट कसे आहेत?"

बरोबर आलेल्या बायकोने पिशवीतून त्याचा कामाचा बूट काढून टेबलावर ठेवला. लेथवर घडवायच्या तुकड्याला जॉब म्हणतात; असा झिजलेला जॉब मायक्रॉनने स्वतः भंगारात टाकला असता.

मग उपचार झाले, तेही मापात. पलंगावरून उतरण्याआधी पंजाला टॉवेल अडकवून ताण. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, मोजून तीस सेकंद, घड्याळ बायकोच्या हातात. संध्याकाळी तळव्याखाली गार बाटली. बुटांत मऊ टाच. लेथपुढे त्याने जाड रबराची चटई टाकली. आणि सगळ्यात कडू औषध: दर तासाला पाच मिनिटं बसणं. तो उलट्या क्रेटवर बसे, तपासणी टेबलाकडे पाठ करून.

"मास्तर, किती अंडी झाली?"

"उबली की सांगतो."

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी फोरमनने त्याला अख्खी पाळी खाणारा लांब शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, कातायला दिला. मायक्रॉनने तो कातून पुरा केला, ताशी पाच मिनिटं बसून, न लंगडता. तपासणी टेबलाने तीनदा मोजला. तिन्हीदा पास. दुसऱ्या दिवशी फोरमनने बाकीच्या लेथांपुढेही रबर टाकायला सांगितलं.

मायक्रॉन छाती काढून दवाखान्यात गेला. "बाई, दुखणं गेलं. टोक झिजलं असणार, काढा फोटो."

"कशाला? ते तिथंच असेल."

तो आपणहून बसला. खुर्चीत.

"बर तसाच ठेवून जॉब पास केला," घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला. "कारखान्यात सांगू नकोस."

तिने संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितलं.