न दाताचा

मंठ्याच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी नारायण मास्तर बोटानं वरचा ओठ उचलून वर्गासमोर उभे होते. "जीभ इथं टेकवा, दाताच्या मागं. न दाताचा, ण टाळूचा!" पोरं हसू दाबत जिभा हलवत होती. निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली होती. माझं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी शिकवायची म्हटलं की माझी पाचावर धारण बसायची. मास्तरांनी मला पंखाखाली घेतलं.

ओठ उचलला की आणखी एक दिसायचं. समोरच्या एका दाताची हिरडी वर चढून पिवळं मूळ उघडं पडलं होतं. मास्तर तिथं रोज भाजल्या तंबाखूची मिश्री घासत. "मिश्रीनं हिरडी आवळती," म्हणायचे. ती आवळत नव्हती, झिजत होती. जालन्याच्या दातांच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मास्तरांनी हातच जोडले.

"डॉक्टरसाब, ह्यो दात गेला तर माझा न गेला. मंग म्या पोरांपुढं कशाला उभा राहू?"

मी सोबत गेलो होतो; मला बघवेना.

डॉक्टरांनी नवीच तऱ्हा सांगितली. शेजारच्या दाताची धड हिरडी थोडी सोडवून उघड्या मुळावर ओढायची आणि टाके घालायचे. ती तिथं रुजली तर दात वाचेल. "मात्र दोन आठवडे तोंड बंद. ओठाला बोट बिलकुल लावायचं नाही."

टाके पडले. नऊ दिवस मास्तर पाटीवर लिहून बोलले. रजा घेतली नाही. वर्ग मी घेई आणि ते मागं बसत. दहाव्या दिवशी धडा वाचताना मी "पानी" म्हणालो. पोरं एका सुरात म्हणाली, "पानी." मास्तरांनी पाटी आपटली. मला कळलंच नाही. मी पुन्हा "पानी" म्हणालो.

ते ताडकन उठून पुढं आले. मी "मास्तर, नका" म्हणेपर्यंत बोट ओठाखाली गेलं होतं. "पाणी! न दाताचा, ण टाळूचा!" सगळा वर्ग बरोबर म्हणेपर्यंत ते थांबले नाहीत. सदऱ्यावर रक्त ठिबकत होतं.

ओढलेली हिरडी मेली. वर्षाच्या आत दातही गेला. मास्तरांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दात गेल्यावर ते पहिल्यांदा वर्गावर आले. बोट सवयीनं ओठाकडं गेलं आणि खाली आलं. न म्हणायला गेले, तर जीभ रिकाम्या जागेतून बाहेर आली. पोरं हसली नाहीत.

"पोरांनो," मास्तर म्हणाले, "मी म्हणतो तसं म्हणू नका. मी म्हणायचो तसं म्हणा."

मी मागच्या बाकावर होतो. पोरांबरोबर मीही म्हणालो, "पाणी."