न दिलेली हाक

रंगरावांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि हातात ट्रकचे स्टिअरिंग, अशी तीस वर्षे गेली. सकाळी गाडीला चावी लावण्याआधी ते चाकाला हात लावून तो कपाळी नेत. हे चाक फिरवणारा मी नव्हे, तो विटेवरचा, असे म्हणत. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कुणाच्याही शब्दाबद्दल वाद झाला, की लोक म्हणत, रंगरावांना विचारा, तो माणूस खोटे बोलणार नाही.

ते एकदा बोलले होते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची वेळ, कांद्याची गाडी, मागे गोदामाचा ओटा. गाडी मागे घेताना एक रीत असते. हमाल फाळका, म्हणजे ट्रकच्या मागचा आडवा दरवाजा, मोकळा करतो, बाजूला होतो आणि हाक देतो, "येऊ द्या!" त्या हाकेवाचून ड्रायव्हरने चाक इंचभर हलवायचे नाही. आरशात न दिसणारा माणूस केवळ त्या हाकेच्या भरवशावर उभा असतो. त्या दिवशी मागे कोंडीराम होता. यार्डात गाड्यांची रांग लागली होती, मागचे हॉर्न थांबत नव्हते, आणि रंगरावांनी हाकेची वाट पाहिली नाही. इतकेच घडले. फाळका आणि ओटा यांच्यामध्ये कोंडीरामच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.

आरडाओरड झाली, माणसे धावली. कार्यालयातले तात्याराव कारकून वही घेऊन आले नि विचारते झाले, "हाक आली होती का?" रंगरावांच्या ज्या जिभेवर नाम असायचे, त्याच जिभेवरून एक शब्द निसटला. "आली होती."

तात्यारावांनी लिहिले, हमालाने चुकीचा इशारा दिला. इस्पितळात कोंडीरामला कुणीतरी तेच सांगितले. तो म्हणाला, "दिली असंल. रंगरावदादा म्हणतात म्हंजे दिलीच असंल."

बोटे गेल्याचे दुःख रंगरावांना रोज होत होते. पण आपल्या शब्दाने आणखी काय गेले, हे त्यांना परवाच्या शनिवारी कळले.

त्या दिवशी गाडीचे मालक अनिरुद्धशेठ यांनी त्यांचा सत्कार ठरवला होता. तीस वर्षे, एकही अपघात स्वतःच्या चुकीने नाही. गोदामात खुर्च्या मांडल्या होत्या, शाल आली होती. रंगराव गाडी ओट्याला लावायला आले, तर कोंडीराम जुन्या सवयीने मागे जाऊन उभा राहिलेला. टोळीचा मुकादम सुखदेव ओरडला, "ए कोंडीराम, तू हो बाजूला! हाक टोळीतला वरद देईल. पुन्हा कुणाचा हात घालवायचाय का?"

"व्हय, व्हय, त्यालाच देऊ द्या," कोंडीराम हसत म्हणाला. "माझं तोंड भरवशाचं न्हाय."

ते हसू रंगरावांना बाजूच्या आरशातून दिसले. गाडी लागली. ते खाली उतरले, तेव्हा कोंडीराम समोर उभा होता. उरलेल्या तीन बोटांच्या हातात हार.

"मंडईतनं आणलाय दादा, ताजा हाय. तुमच्या गळ्यात मी घालणार."

देवा पांडुरंगा! ज्याने शिव्या द्यायच्या, त्याने फुले आणावीत! रंगरावांनी त्याचे मनगट धरले. हार अर्ध्यावरच राहिला.

"कोंडीराम, तू हाक दिलीच नव्हतीस. मी थांबलो नाही. चूक माझी होती, आणि खोटंही मीच बोललो."

शेठ खुर्चीतून उठत म्हणाले, "अहो रंगराव, आज हे काढायचं काही कारण होतं का? प्रकरण मिटलं होतं."

"तुमचं मिटलं, शेठ. याला अजून मागे उभं राहू देत नाहीत."

तात्यारावांनी चष्मा वर सरकवला. "शालीची घडी मोडू नका रे कुणी. दुकानदार परत घेईल." आणि मग, आवाज हळू करून, "या इकडे. नवा जबाब लिहून घेतो. सही मात्र सावकाश करा."

त्या जबाबाने रंगरावांची गाडी चौकशी होईतो काढून घेण्यात आली. किल्ली त्यांनी स्वतः टेबलावर ठेवली.

कोंडीराम मात्र तिथेच होता. त्याला राग आला नव्हता. त्याला काही वेगळेच झाले होते.

"म्हंजे मी दिलीच नव्हती?"

"नव्हतीस."

"नक्की ना दादा? आता सत्काराच्या भरात म्हणत न्हाय ना?"

"माळेला हात लावून सांगतो."

कोंडीरामने हार फाळक्यावर ठेवला. तो म्हणाला, "मग मला नका सांगू. माझ्या बायकोला, मुक्ताईला सांगा. तीन वर्सं झाली, आमच्या साईला, नातीला, ती माझ्याबरोबर रस्त्यावर सोडत न्हाय. म्हणती, तुमचं ध्यान नसतं."

दोघे कोंडीरामच्या घराकडे चालत निघाले. भर गोदामात बोलणे रंगरावांना जेवढे जड गेले नव्हते, तेवढी ती वाट जड गेली. लोकांसमोर उच्चारलेल्या सत्याला निदान लोकांचा आधार असतो. इथे एक दार होते आणि दारात मेथी निवडत बसलेली एक बाई.

रंगरावांनी उभ्यानेच सगळे सांगितले. मुक्ताईने मान वर केली नाही. मेथीची काडी मोडत राहिली. त्यांना बसा म्हणाली नाही, पाणीही विचारले नाही. रंगरावांनी ते सगळे पदरात घेतले, कारण ते त्यांचेच होते.

मग तिने ताट बाजूला सारले आणि डोळ्यांना पदर लावून नवऱ्यावर कडाडली, "आणि तुम्ही! तुमची हाक तुम्हालाच ठावी नव्हती? कुणी म्हणलं म्हणून मान डोलवत बसलात? आन् मी येडी, तुम्हालाच बोल लावत राहिले!"

"अगं, दादा म्हणत होते..."

"दादा म्हणत होते!" ती म्हणाली. तिने आत हाक मारली, "साई, चप्पल घाल. आजोबांबरोबर जाऊन कोथिंबीर घेऊन ये."