सगळे आकडे शून्य

धरमपेठेतल्या व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक होते. आमच्या बोलण्याचा रुग्णाला उपयोग होतो की नाही, हे मोजायचं कामही माझ्याचकडे. दर महिन्याला एक फॉर्म भरून घ्यायचा. दारूची ओढ किती, झोपेचा त्रास किती, जगणं नकोसं वाटतं का. प्रत्येक प्रश्नापुढे शून्य ते दहा यातला एक आकडा. आकडा उतरला, की माणूस सुधारतोय असं धरायचं.

कोराडीहून एक ट्रक ड्रायव्हर यायचा. पहिल्यांदा बायकोने आणलं, मग एकटाच येऊ लागला. ओढ नऊवरून सहा झाली, मग तीन, आणि पाचव्या महिन्यात सगळ्याच प्रश्नांपुढे शून्य. मी हरखून गेले. देणगीदारांना जाणाऱ्या अहवालात त्याचा फॉर्म पहिल्या पानावर टाकायचं आमच्या संचालिकाबाईंनी ठरवलं.

चारच दिवसांनी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. कामावर जातो म्हणून तो पहाटे निघाला होता, पण पोचलाच नव्हता. मोबाइल घरीच होता. आठ दिवसांपासून झोपला नाही, म्हणाली. मग आवाज खाली गेला. "काल मले म्हणे, मी नसलो तरी तुमचं भागते."

तिला आधी पोलिसांना कळवायला सांगितलं आणि त्याची फाइल काढली. 'जगणं नकोसं वाटतं का?' समोर शून्य. वळणदार, स्वच्छ.

स्कूटी काढून कोराडीला निघाले. रस्त्याकडेला उभ्या प्रत्येक ट्रकपाशी वेग कमी करून केबिनमध्ये बघत होते. अर्ध्या वाटेत फोन वाजला. घ्यायचा धीर होईना, तरी घेतला. त्याचा साळा, बायकोचा भाऊ, बोलत होता. सापडला, म्हणाला.

ट्रक उभे करतात त्या मैदानामागे, एका बंद पानठेल्याला टेकून तो बसला होता. खूप प्यायलेला, पण धडधाकट. मी शेजारी मातीतच बसले.

"फॉर्मवर तर शून्य लिहिलं होतं तुम्ही," मी म्हटलं. ते तक्रारीसारखं निघालं, त्याची अजून लाज वाटते.

"तुमाले शून्य आवडे, मॅडम," तो खालीच बघत म्हणाला. "नवाचे सहा झाले तं तुमचा चेहरा कसा फुलला होता. मंग मी कमी कमीच लिहीत गेलो. खरं सांगून तुमाले काहून तरास देऊ?"

त्याच दिवशी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे भरती केलं. संध्याकाळी संचालिकाबाईंनी विचारलं, त्याचा फॉर्म अहवालातून वगळायचा का? मी म्हटलं, एकट्याचा वगळून भागणार नाही. बाकीचे फॉर्मही मीच समोर बसून, मान डोलावत भरून घेतले होते. त्यांच्यावर तरी भरवसा कसा ठेवायचा? दोन दिवस आमची वादावादी झाली. शेवटी अहवाल थांबला. सगळ्यांचे फॉर्म पुन्हा भरून घेतले, वेगळ्या खोलीत, माझ्याशिवाय. जगणं नकोसं होण्याचा प्रश्न तेवढा मी समोरासमोर, सावकाश विचारू लागले. आकडे बरेच वर गेले.

तीन आठवड्यांनी तो परत आला. ओढीपुढे आठ लिहिलं होतं. मी चेहरा सांभाळला आणि विचारलं, आठ कधी असते? दुपारी, ट्रक रिकामा झाल्यावर, तो म्हणाला. त्या दिवशी तासभर आम्ही फक्त त्या दुपारीबद्दल बोललो.

याला आता वर्ष होत आलं. मध्ये एकदा तो घसरला. ते मात्र त्याने स्वतः येऊन सांगितलं, फॉर्म हातात घेण्याआधीच.