आरवणारी शेवंती

कोंबडा आणि तलंग यांतला फरक उभ्या जन्मात न कळलेला आगरी माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मित्राचा बाप निघाला. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. हे ज्ञान मला, न्यू पनवेलच्या ब्लॉकमध्ये पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वाढलेल्या माणसाला, काकांच्याच अंगणात मिळालं. सुकापूरला दोन इमारतींच्या मधे त्यांचं घर उरलं होतं. शेत बिल्डरने नेलं, खळं रस्त्याने नेलं, आणि अंगणाचा एक तुकडा कोणाच्याच नजरेत न भरल्यामुळे राहून गेला. तिथे काकांचं खुराडं होतं. पिल्लं थोडी मोठी झाली की कोण कोण आहे हे काकूंना लांबून कळायचं, शेजारणीला कळायचं, कुंपणावरच्या मांजरालाही कळत असावं: तुरा लवकर लाल होतो, पाय जाडजूड असतात, आणि काही काम न करता छाती काढून उभा राहतो तो कोंबडा. (या शेवटच्या लक्षणावरून मी आमच्या भागातले बरेच पुढारी ओळखले आहेत.) काका मात्र एकेक पिल्लू हातात घेत, उलटंसुलटं करत, शेपटाखाली फुंकर मारत, डोळे बारीक करून आभाळाकडे बघत आणि निकाल देत, "तलंग हाय." आजवर त्यांनी दुसरा निकाल दिल्याचं कोणाला आठवत नाही.

पुढे त्या तलंगेला हातभर झुपकेदार शेपूट फुटलं तरी काका डगमगत नसत. तुरा मोठा का, तर ऊन लागलं. पायाला नखी का आली, तर ते कुरूप आहे, चालून चालून होतं. दोन तलंगा एकमेकींवर झेपा टाकून रक्तबंबाळ झाल्या तर त्या जावा-जावा आहेत, चालायचंच. आणि एखादीने भल्या पहाटे कुंपणावर चढून खणखणीत बांग दिली तर तिच्या घशात दाणा अडकलेला असे. एकदा मी विचारलं, की काका, रोज पहाटे त्याच वेळेला दाणा कसा अडकतो? त्यांनी माझ्याकडे फार कीव करून पाहिलं आणि मला कोंबड्यांतलं काही कळत नाही, असं काकूंना सांगितलं.

हा प्रश्न साधा नव्हता. कारण त्या घरात तलंग अंड्यांसाठी राहायची आणि कोंबडा पातेल्यात जायचा. धरून आणायचं काम बाप्याचं, शिजवायचं बाईचं, अशी पिढ्यांची वाटणी. त्यामुळे काकांनी कोंबडा ओळखल्याशिवाय काकूंचं वाटण पाट्यावरच वाळायचं. शेवटी ब्रॉयलर यायचा. काका तो नळीसकट चावून खायचे आणि रस्सा परत मागायचे. मी त्यांना ही विसंगती दाखवली. (विसंगती दाखवणं हा तेव्हा माझा पूर्णवेळचा उद्योग होता.) हाड बाजूला ठेवून ते म्हणाले, "त्याची माजी वळख नाय."

वळख होती ती शेवंतीशी. शेवंती हा तांबडा, काळ्या शेपटाचा, कळंबोलीच्या ट्रकवाल्यांनाही हॉर्न बदलायला लावील अशा आवाजाचा कोंबडा होता. त्याचं नाव लहानपणीच निकालानुसार ठेवलेलं, आणि काकांनी ते बदललं नाही. त्याच्या आरवण्याने शेजारच्या इमारतीची झोप गेली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. काकांनी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि आपल्याकडे सगळ्या तलंगा आहेत, असं शांतपणे सांगितलं. हल्ली मोबाइलला कोंबड्याची रिंगटोन असते, तुमच्याच बिल्डिंगीत कोणाची तरी वाजत असेल, अशी पुस्तीही जोडली. सेक्रेटरी शिकलेले होते, त्यांना हे पटलं. त्यांनी जिन्यात सूचना लावली, मीटिंग घेतली, आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक निरपराध माणूस महिनाभर आपला फोन उशीखाली घेऊन झोपला.

सोसायटीचं निभावलं, पण देवाचं अवघड होतं. मुलाला, म्हणजे माझ्या मित्राला, उरणच्या बंदरात कायमची नोकरी लागावी म्हणून काकूंनी गावदेवाला घरचा कोंबडा बोलला होता. नोकरी लागली, जत्रा जवळ आली, आणि गावाला ठाऊक होतं की घरचा कोंबडा म्हणजे शेवंती. मला तर स्फुरणच चढलं. मी रात्रीत पशुबळीविरुद्ध पत्रक लिहिलं, त्यात देवाला चार खडे बोल सुनावले आणि खाली पहिली सही काकांची घ्यायला गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळं पत्रक वाचलं, घडी केली आणि माझ्याच खिशात ठेवलं.

"तू यात कोंबरा लिवलास," ते म्हणाले.

"कोंबडाच आहे ना तो, काका?"

"कागदावर कोंबरा झाला, का देवाचा झाला. मंग मी त्याला कसा ठेवू?"

मुद्रितशोधनात माझी इतकी मोठी चूक आजवर कोणी काढलेली नाही.

जत्रेच्या सकाळी काकूंचा भाऊ पिशवीत सुरी घेऊन आला. अंगणात काका बांबूच्या एका उलट्या डालग्याशेजारी बसले होते. शेवंती खुडूक झाली आहे, अंड्यांवर बसली आहे, उठवली तर अंडी नासतील, असं त्यांनी मेव्हण्याला सांगितलं. मेव्हण्याने डालगं उचललं. आत शेवंती खरोखरच अंड्यांवर उभी होती. अंडी किराणा दुकानातली, पांढरीफेक, एकावर तर दुकानाचा शिक्काही होता. मेव्हणा म्हणाला, "दाजी, गावाला येडा समजता काय?" आणि त्याने हात पुढे केला.

तेवढ्यात शेवंतीने मान ताणली आणि आरवली. अर्धवट नाही, घसा बसल्यासारखी नाही, तर शेवटच्या लांब हेलापर्यंत. घशात दाणा अडकल्याचं काका या वेळी म्हणाले नाहीत. डालग्यातून निघालेली एक काडी सोलत बसले.

काकू नवी साडी नेसून, आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. नवस त्यांचा होता. त्यांनी ती बांग पुरी ऐकून घेतली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि भावाला म्हणाल्या, "ठेव ते डालगं. अंड्यांवर बसलीय ती. देवाला तलंग चालत नाय."

देवाला नारळ गेला. देवाने त्याबद्दल अजून तरी काही कळवलेलं नाही, आणि मित्राची नोकरी शाबूत आहे.

शेवंती पुढे म्हातारपणाने गेली. मग तो अंगणाचा तुकडाही कोणाच्या तरी नजरेत भरला. आता तिथे सात मजले आहेत आणि काका-काकू त्यातल्या तिसऱ्यावर राहतात. कोंबड्या पाळायला बंदी आहे. सूचना जिन्यात लावली आहे. परवा सकाळी मी चहाला गेलो होतो. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी फोनचा गजर कोंबड्यासारखा आरवला. काकांनी कप टेकवला, मान तिरपी केली आणि डोळे बारीक करून छताकडे पाहिलं. आतून काकूंनी विचारलं, "कोंबरा का वो?"

गजर बंद होईपर्यंत ते ऐकत राहिले.

"नाय," ते म्हणाले. "तलंग हाय."